नंबरप्लेटपासून ६१७४ पर्यंत: तोंडी हिशेबाच्या सरावासाठी संख्याकोडी

तोंडी हिशेबाचा सराव म्हटले की बहुतेक घरांत आधी पाढे पाठ करून घेतले जातात आणि मग बेरीज-वजाबाकीची पन्नास उदाहरणे असलेला कागद मुलापुढे ठेवला जातो. पाढे हवेतच, त्यांना पर्याय नाही. उदाहरणांच्या कागदात मात्र एक उणीव असते: कोणती क्रिया करायची हे आधीच ठरलेले असते, आणि मुलाने फक्त उत्तर काढायचे असते. संख्याकोड्यात याच्या उलट घडते. उत्तर समोर असते आणि तिथवर जाणारी वाट शोधायची असते. ती शोधताना मूल पाच मिनिटांत कितीतरी छोटे हिशेब न कुरकुरता करून टाकते. त्यांतले बहुतेक वाया जातात, आणि सराव होतो तो नेमका त्या वाया गेलेल्या हिशेबांमुळे.

म्हणून कोडे निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा, की हे सोडवताना डोक्यात किती हिशेब होणार आहेत? वर्तमानपत्रातले साधे सुडोकू उत्तम करमणूक आहे, पण त्यात एकही बेरीज करावी लागत नाही. तिथे अंकांच्या जागी फळांची चित्रे टाकली तरी कोडे तेच राहील. तोंडी हिशेबासाठी ते उपयोगाचे नाही. दुसरी अट कागद-पेन्सिलीची. उत्तर लिहायला हरकत नाही, परंतु मधले हिशेब कागदावर आले की सराव तोंडी राहत नाही, म्हणून पेन्सिल हातात नसलेलीच बरी.

चार अंकांतून दहा

पुण्यात या सरावासाठी पुस्तक विकत घेण्याची गरज नाही, कारण रस्त्यावर जिकडे पाहावे तिकडे एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येक पाटीवर शेवटी चार अंक असतात. त्या चार अंकांतून १० तयार करायचे, एवढेच हे कोडे. प्रत्येक अंक एकदा आणि एकदाच वापरावा. क्रम बदलला तरी चालतो, पण दोन अंक शेजारी ठेवून ४ आणि ७ चे ४७ करायचे नाहीत. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि कंस वापरण्याची मुभा आहे. हा खेळ मागे बसलेल्यांचा आणि बसमधल्यांचा आहे, हे वेगळे सांगायला नको. नळ स्टॉपच्या सिग्नलला हँडल धरून बसलेल्याने समोरच्या पाटीपेक्षा दिव्याकडे पाहावे.

समजा, पाटीवर ४७२९ आहे. नवखे मूल चारही अंक एकदम हाताळू पाहते आणि गोंधळते. त्याला एक अंक बाजूला ठेवायला शिकवावे. ९ बाजूला ठेवला, तर उरलेल्या ४, ७ आणि २ मधून आता फक्त १ हवा. सातातून चार गेले तीन, तिनातून दोन गेले एक. झाले: ९ + (७ − ४ − २) = १०. मोठा प्रश्न असा एकेक अंकाने लहान होत जातो आणि प्रत्येक पायरीला मुलाला स्वतःशी म्हणावे लागते, की ‘आता मला किती हवेत?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागणे, हीच या कोड्याची खरी कमाई आहे.

याच पाटीतून २४ करायचे ठरवले, तर रीत तीच राहते. ९ बाजूला ठेवले की १५ हवेत. त्यांतून ७ बाजूला काढले की ८ हवेत. आणि हातात ४ आणि २ उरले आहेत, त्यांचा गुणाकार ८. म्हणजे ९ + ७ + ४ × २ = २४. चोवीस हे लक्ष्य दहापेक्षा थोडे अवघड असते, पण पाढ्यांच्या सरावाला जास्त चांगले, कारण २४ ला ३ × ८, ४ × ६ आणि २ × १२ अशा बऱ्याच फोडी आहेत. ६१३८ घ्या. ६ ला ४ ने गुणले की २४ होतात, तेव्हा १, ३ आणि ८ मधून ४ हवेत. ८ ला ३ − १ ने भागले की ते मिळतात. मुलाने इथपर्यंत स्वतःहून मजल मारली, तर त्याला भागाकार समजला आहे असे खुशाल धरून चालावे.

पाटीवर शून्य आले की मुले हिरमुसतात, वास्तविक शून्य ही सोय आहे. नको असलेला अंक शून्याने गुणून मोडीत काढता येतो: ६०४८ मध्ये ६ + ४ + ० × ८ केले की झाले. एकच अंक दोनदा आला तर त्यांच्या वजाबाकीतून ० आणि भागाकारातून १ मिळतो, म्हणून ७७२५ हे २ × ५ × ७ ÷ ७ असे सुटते. आणि १ ते ९ मधले चार वेगवेगळे अंक असतील, तर त्यांतून १० नेहमीच करता येतात. तशा पाटीबद्दल ‘हे होतच नाही’ असे मूल म्हणाले, तर त्याला निश्चिंतपणे आणखी दोन मिनिटे द्यावीत. चोवीसचे तसे नाही. ११११ मधून २४ कोणालाच करता येणार नाहीत.

आता ३४७८ कडे पाहा. चारही अंक वेगळे, म्हणजे उत्तर आहेच. प्रयत्न करणारा मात्र पुन्हा पुन्हा ११ वर येऊन अडकतो: ४ × ८ − ३ × ७ केले तरी ११, ७ × ८ ÷ ४ − ३ केले तरी ११. पूर्णांकांत राहून ही पाटी सुटत नाही. सातला चाराने भागून पावणेदोन येऊ द्यावे लागतात. तिनातून पावणेदोन गेले की सव्वा उरतो, आणि सवायकीत आठाला दहा येतात. (३ − ७ ÷ ४) × ८ = १०. ज्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी घोकली तिला हे उत्तर ऐकताच पटते, आणि आजच्या मुलांना १.२५ × ८ लिहून काढावे लागते. अपूर्णांकांचे पाढे शाळेतून गेले याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही, पण सवायकी आणि दिडकी निदान दहापर्यंत घरी शिकवाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना लागणारा वेळ थोडा असतो आणि उपयोग रोजचा असतो.

कापरेकरांची वजाबाकी

वजाबाकी हा तोंडी हिशेबातला सर्वांत दुबळा दुवा. हातचा घ्यायचा की द्यायचा, इथेच कागदाविना गाडी अडते. यासाठी दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या प्रक्रियेइतके चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही. डहाणूत १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले, आणि पुढे त्यांनी देवळालीत शाळाशिक्षकाची नोकरी करता करता संख्यांचा अभ्यास केला. त्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलेली गोष्ट अशी: कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लिहून लहान संख्या करा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथून पुढे ६१७४ च येत राहते.

पाटी पुन्हा ४७२९ चीच घेऊ. ९७४२ − २४७९ हे मनात करायचे, तर दोन ठिकाणी हातच्यांची ओढाताण होते. त्याऐवजी अशी युक्ती वापरावी: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक ९९९ ने गुणावा, मधल्या दोन अंकांतला फरक ९० ने गुणावा आणि दोन्हींची बेरीज करावी. इथे ९ आणि २ मधला फरक ७, म्हणून सात हजारांतून सात वजा करून ६९९३, ७ आणि ४ मधला फरक ३, म्हणून २७०, एकूण ७२६३. हजारांतून एक कमी करून गुणण्याची ही लकब एकदा हातात आली, की दुकानातल्या ९९९ आणि ४९९ च्या किमतींशीही मूल सहज खेळू लागते.

पुढे ७२६३ चे ७६३२ आणि २३६७ होतात. फरक ५ आणि ३, म्हणून ४९९५ अधिक २७० म्हणजे ५२६५. त्यानंतर ३९९६, मग ६२६४, मग ४१७६ आणि शेवटी ६१७४. सहा वजाबाक्या झाल्या. वाटेत चूक झाली का, हे तपासायला उत्तरपत्रिका लागत नाही, कारण इथले प्रत्येक उत्तर नवाच्या पटीतच असते: ७२६३ चे अंक मिळवले तर १८, ३९९६ चे मिळवले तर २७. अंकांच्या बेरजेला नवाने भाग जात नसेल, तर त्याच पायरीवर थांबून हिशेब पुन्हा करावा. सारखे अंक असलेली पाटी, म्हणजे ५५५५ किंवा ७७७७, इथे चालत नाही. तशा पाटीची गाडी दिसली तर ती मालकाला लखलाभ म्हणून सोडून द्यावी.

लहान मुलांना तीन अंकी संख्या द्याव्यात. तिथे टोकांच्या अंकांतला फरक ९९ ने गुणला की वजाबाकी संपते आणि शेवटी ४९५ वर मुक्काम पडतो. ४१८ घेतले तर ८४१ − १४८, म्हणजे सात शेकड्यांतून सात वजा, ६९३, मग ५९४, मग ४९५. दोन अंकी संख्या एका जागी थांबतच नाहीत, ४५, ९, ८१, ६३, २७ अशा फेऱ्यात फिरत राहतात (९ आला की तो ०९ धरायचा), आणि नऊचा पाढा नुकताच शिकलेल्या मुलाला तेवढे पुरते.

मंडईचे कोडे

भाव विचारून गुणाकार करणे हे उदाहरण झाले; ते कोडे करायचे असेल तर रक्कम आधी ठरवावी. समजा गवार १२० रुपये किलो, वांगी ८० रुपये किलो आणि टोमॅटो ४० रुपये किलो आहेत. तिन्ही भाज्या घ्यायच्या आहेत, प्रत्येक भाजी पाव किलोच्या पटीत घ्यायची आहे आणि हातातली १०० रुपयांची नोट पूर्ण संपवायची आहे. किती प्रकारे जमेल?

मोठी माणसेही इथे किलोच्या भावाने हिशेब मांडू लागतात आणि फसतात. आधी सगळे भाव पाव किलोवर आणावेत: गवार ३०, वांगी २०, टोमॅटो १०. मग सर्वांत महाग भाजीपासून सुरुवात करावी, कारण तिच्या शक्यता सर्वांत कमी असतात. गवार पाव किलो घेतली तर ७० उरतात. त्यांत वांगी पाव, अर्धा किंवा पाऊण किलो घेता येतात आणि उरलेल्या पैशांचे टोमॅटो अनुक्रमे सव्वा किलो, पाऊण किलो आणि पाव किलो येतात. गवार अर्धा किलो घेतली तर ४० उरतात आणि एकच मार्ग राहतो, पाव किलो वांगी आणि अर्धा किलो टोमॅटो. गवार पाऊण किलो घेतली तर उरलेल्या १० रुपयांत दोन भाज्या बसत नाहीत. म्हणजे एकूण चार प्रकार. मंडईतून घरी येताना असा एक प्रश्न विचारला तरी भागाकार, बेरीज आणि शक्यता क्रमाने तपासण्याची शिस्त यांचा एकत्र सराव होतो. भाव रोज बदलतात, त्यामुळे कोडेही रोज नवे मिळते.

चौकटींचे कोडे स्वतः मांडताना

केनकेन हे कोडे जपानमधले गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केले. सुडोकूप्रमाणे प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक अंक एकदाच येतो, पण इथे घरांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटावर ‘६ ×’ किंवा ‘४ +’ असे लिहिलेले असते. त्या गटातल्या अंकांवर ती क्रिया केली की ती संख्या यायला हवी. तयार कोडी पुष्कळ मिळतात. तरीही पालकांनी दोन-तीन स्वतः मांडून पाहावीत, कारण मुलाला कोणता गुणाकार जड जातो हे त्यांनाच माहीत असते.

सुरुवात उत्तरापासून करावी. तीन बाय तीनच्या चौकटीत पहिल्या ओळीत १, २, ३, दुसरीत २, ३, १ आणि तिसरीत ३, १, २ भरावेत. आता गट पाडावेत. पहिल्या ओळीतली शेवटची दोन घरे ‘६ ×’, पहिल्या स्तंभातली वरची दोन घरे ‘३ +’ आणि खालचे एकटे घर ३. उरली चार घरे. ती आडवी जोडून वरच्या जोडीवर ‘२ −’ आणि खालच्या जोडीवर ‘२ ÷’ लिहिले, तर कोडे दिसायला छान दिसते, पण त्याला दोन उत्तरे निघतात: मधला आणि शेवटचा स्तंभ आपापसांत बदलले तरी सगळ्या अटी पुऱ्या होतात. अशा कोड्यात मूल अडकते आणि दोष स्वतःला देते. तीच घरे उभी जोडावीत. मधल्या स्तंभातल्या खालच्या दोन घरांवर ‘४ +’ आणि शेवटच्या स्तंभातल्या दोन घरांवर ‘२ ×’ लिहावे, म्हणजे उत्तर एकच उरते. कोडे मुलाला देण्यापूर्वी आपण ते कोऱ्या चौकटीवर एकदा सोडवून पाहावेच.

सहा बाय सहाच्या चौकटीत याची खरी गंमत येते. तीन घरांच्या गटावर ‘१२ ×’ असेल, तर १, २, ६ किंवा १, ३, ४ किंवा २, २, ३, आणि शेवटची निवड फक्त गट वळणाचा असेल तरच शक्य. ही यादी मनातल्या मनात करता येणे म्हणजेच अवयव पाडता येणे. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हा सराव दुहेरी उपयोगाचा ठरतो, कारण गणित आणि बुद्धिमत्ता या दोन्ही भागांत अशा फोडी लागतात.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी संख्यांचा मनोरा पुरेसा आहे. तळाशी तीन संख्या, शेजारच्या दोन संख्यांची बेरीज त्यांच्या वर, आणि सर्वांत वर एक संख्या. तळ ७, ५, ८ असेल तर वर १२ आणि १३, आणि शिखरावर २५. काही दिवसांनी मधली संख्या झाकून शिखर सांगावे. तळाच्या टोकांच्या संख्या शिखरातून वजा करून जे उरते त्याचे निम्मे म्हणजे मधली संख्या, हे मुलाला सांगू नये. ते त्यालाच सापडू द्यावे.

सराव घेताना

घड्याळ सुरुवातीला लावू नये. वेळ मोजली जाते आहे हे कळले की मूल ओळखीची एकच वाट धरते, आणि कोड्याचा सगळा उपयोग नव्या वाटा धुंडाळण्यात असतो. आपल्याकडे अबॅकसच्या वर्गांत वेगावर भर असतो. वेग मिळतोही, पण कोणती क्रिया केव्हा करायची ही निवड त्यातून शिकता येत नाही. त्यासाठी एका पाटीवर एक उत्तर मिळाल्यावर लगेच पुढच्या पाटीकडे न जाता ‘आणखी एक रीत सापडते का?’ असे विचारावे. ६१३८ मधून १० करण्याच्या निदान दोन रीती आहेत: ८ + ६ ÷ ३ × १ आणि ६ × ३ − ८ × १. यांतली दुसरी जिला आधी सुचते, तिचे पाढे पक्के आहेत.

मुलाने शोध मोठ्याने बोलत करावा. त्यामुळे चूक नेमकी कुठे होते हे पालकांना ऐकू येते: बेरजेत, पाढ्यात, की मघाचे उत्तर विसरण्यात. पाढ्यात चूक होत असेल, तर त्या आठवड्यात चोवीसची कोडी द्यावीत. वजाबाकीत होत असेल, तर कापरेकरांकडे वळावे. मधले उत्तर विसरले जात असेल, तर कोडे सोपे करावे, तीनच अंक द्यावेत, आणि स्मरण सुधारल्यावर चौथा अंक परत आणावा. दिवसाला दहा मिनिटे पुरतात. मूल स्वतःहून अकरावी पाटी मागू लागले तरी तिथेच थांबवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी आठवण करून द्यावी लागत नाही.

सरावासाठी तीन पाट्या देतो. २६७९ मधून आधी १० आणि मग २४ करावेत. १३४६ मधूनही तेच करावे. यातले २४ अवघड आहेत आणि त्यांना पावाची मदत लागते. ११५८ मधून फक्त १० करावेत.

उत्तरे अशी आहेत. २६७९: ९ − ७ + २ + ६ = १०, आणि चोवीससाठी चारही अंकांची नुसती बेरीज. १३४६: (४ + १) × ६ ÷ ३ = १०, आणि ६ ÷ (१ − ३ ÷ ४) = २४, कारण एकातून पाऊण गेला की पाव उरतो आणि सहात चोवीस पाव असतात. ११५८: ८ ÷ (१ − १ ÷ ५) = १०, इथे कंसात चार पंचमांश उरतात.